मी चिलखताने कढई घासली

बायांनो, आज माझी मलाच लाज वाटतेय.

माझ्या सनाने शाळेच्या प्रदर्शनासाठी जुन्या युरोपातल्या सरदारांची चिलखतं केली होती. आधीच्या काळातली तारेच्या कड्यांची जाळी, मग जाळीवर पत्रे, शेवटी अंगभर पत्राच. सकाळी ती जाळी ओट्यावर दिसली. मला वाटलं घासणी! जळकी कढई घासली, कडी तुटली.

"अम्मी, ही फर्स्ट होती! हिच्याशिवाय पत्रे का आले, कसं कळणार?"

मीच उलट ओरडले, "दोन आहेत ना? खलास, पुरे झालं! यल्ला, चल लवकर, बस चुकेल."

दुपारी प्रदर्शनात गेले. टीचर विचारत होत्या, पहिलं कुठंय? सना म्हणाली, "माझ्याकडून हरवलं."

मी तिच्या मागेच उभी होते. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे तोंड उघडलं नाही.

तुम्ही बोलला असतात का?