गुहेतलं बूच

काल नात तोकड्या झालेल्या स्वेटरात शिरायला गेली आणि तिचं डोकं आतच अडकलं. जितकी धडपडली तितकी जास्त अडकली. मदत करायची सोडून मी आधी पोटभर हसले, कारण मला माझं तिशीतलं ध्यान आठवलं.

तेव्हा मी भूजलाचा अभ्यास करायचे. चुनखडीच्या एका गुहेतला झरा कुठून येतो, ते आम्ही शोधत होतो. परतताना, पोटावर सरपटत जावं लागतं अशा फटीत मी बुचासारखी घट्ट बसले. पाण्याच्या नमुन्यांच्या दोन बाटल्या शर्टात खोचल्या होत्या. दुसऱ्याच्या हाती दिल्या तर माझं संशोधन बुडणार होतं ना! मागे सहकारी नाईक, आणि वर पाऊस सुरू झाल्यामुळे त्यांच्याभोवती पाणी चढत होतं. बाहेर पडायची वाट एकच आणि तीत मी.

"बाई, त्या बाटल्या काढा आणि श्वास सोडा."

"नमुने आहेत ते!"

"अहो, पाणी माझ्या हनुवटीला लागलंय. हवे तेवढे नमुने घ्या!"

घाबरलेला माणूस छाती फुगवून धरतो आणि त्यालाच धैर्य समजतो. मी तर ती फुगलेली छाती पुढेही कितीतरी वर्षं मिरवली. दगड मात्र कुणासाठी सरकत नाही, आपल्यालाच लहान व्हावं लागतं. हे शहाणपण मला तिथे सुचलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला फक्त नाईकांच्या बोलण्याचं हसू फुटलं. हसता हसता छाती रिकामी झाली आणि मी बाटल्यांसकट पुढे घसरले.

मागोमाग नाईक बाहेर आले, निथळत, थरथरत. म्हणाले, "बाई, मी विनोद करत नव्हतो."