मी काढून टाकलेली वाक्यं

झाडे सरांचं पुस्तक मी बिघडवलं.
आज सकाळी सर गेले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी सकाळपासून डोक्यात दोन्ही सोबतच आहेत.

सरांनी आम्हाला अल्लीपूरला इंग्रजी शिकवलं. शाळेच्या ग्रुपवर सगळे 'देवमाणूस' लिहितायत. देवमाणूस वगैरे काही नव्हते. खडू फेकून मारायचे आणि नेम पक्का होता.

रिटायर झाल्यावर त्यांनी डिक्शनरी लिहायला घेतली. इंग्रजी-मराठी, आपल्याकडच्या पोरांसाठी.
अवघड शब्द एकही नाही. फक्त get, take, make, give, put असली रोजची क्रियापदं.

मी म्हटलं, "सर, हे तर पाचवीतल्या पोरालाही येतं."

"येत नाई, पोरी. अवघड शब्दाले एकच अर्थ असते, तो पाठ होते. हे बारके शब्दच पोराले बुडवते. get म्हंजे मिळणे असं घोकते, अन् It got dark दिसलं का बसते अंधार कोनाले मिळाला ते शोधत."

त्यांची पद्धत उलटी होती. आधी अर्थ लिहायचाच नाही.
बसस्टॉपवर, चक्कीवर, दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसायचे आणि लोक काय बोलतात ते वहीत उतरवायचे.

नागपूरला जायला तीन तास लागले. भावाला नोकरी लागली. कडब्याच्या गंजीला आग लागली.
मराठीत तिन्हीकडे 'लागणे'. इंग्रजीत एकदा took, एकदा got, एकदा caught. प्रत्येकासमोर इंग्रजीत पूर्ण वाक्य, आणि ते कोण बोललं त्याचं नावसुद्धा.

"get एकटा कुठंच जात नाई," म्हणायचे. "त्याच्यासंग कोन बसलं हाय ते दाखवा लागते."

अशा सात वह्या झाल्या. मी नागपूरला शाळेच्या पुस्तकांचं डीटीपी करते, म्हणून काम माझ्याकडे आलं. सगळं टाइप केलं. छापणारा म्हणाला, शंभर पानांच्या वर जाऊ नका.

मी वाक्यं काढून टाकली.

get : मिळणे, होणे, पोहोचणे, आणणे. दोन कॉलम, एकदम स्वच्छ.
सरांना विचारलं नाही. प्रूफ दाखवलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं ना.

खरं सांगते, पानांचं निमित्त होतं. मला ती वाक्यं गावंढळ वाटली होती. डिक्शनरीत चक्कीवाला सुधाकर कशाला?

सरांनी पुस्तक उलटून पालटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
"छपाई साफ आली," म्हणाले.
बस, एवढंच. मी खूश होऊन नागपूरला परत. या गोष्टीला चार वर्षं झाली.

आज दुपारी माणसं नदीवरून परत आली. कडुलिंबाचा पाला चावून झाला. शेजारून वरण-भात आला, कोणी जेवलं, कोणी नाही.

मी काकूंजवळ बसून होते. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. त्या एकदम म्हणाल्या, "आलमारीतले पुस्तकं घेऊन जाजो. थोडे भराचे राह्यले."

"काय भरायचे?"

"वाक्यं. शाळेतल्या पोराले द्याच्या आंधी एकेक पुस्तक घेऊन बसत. रोज सकायी. मी म्हटलं, वैशालीले सांगा ना, नवं छापून देईन ते. तं म्हने, नको, तिच्या जिवाले लागन."

मी आलमारी उघडली.

प्रत्येक पुस्तकाच्या समासात बारीक निळं अक्षर. मी काढलेलं प्रत्येक वाक्य, हाताने. चार वर्षं माणूस हेच करत होता आणि मी दिवाळीला फोन करून "तब्येत कशी?" विचारत होते.

get मध्ये सुधाकर परत आला होता.

make वर थांबले. तिथे एक वाक्य असं होतं, जे वह्यांमध्ये नव्हतं. वह्या मीच टाइप केल्यात, मला माहीत आहे.

Vaishali made this book.
वैशालीने हे पुस्तक केलं.

दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तेच. तिसऱ्यातही.

म्हणजे जितक्या पोरांना पुस्तक मिळालं, तितक्यांना माझं नाव असं सांगून झालंय.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. मी इथे अंगणात बसून हे टाइप करतेय. लाज वाटतेय, एवढं मात्र कळतंय.

सर, राहिलेली पुस्तकं गाडीत ठेवलीत. वह्या काकूंनी सोबत दिल्या. सगळी वाक्यं लिहीन, बोलणाऱ्यांच्या नावांसकट, आणि पुस्तकं शाळेत पोचवीन.

make मधलं ते एक वाक्य मात्र माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

तुम्हाला शेवटचा नमस्कार, सर.