कुणाला न कळलेला रीसेट

ऑफिसात तिला रीसेटबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. पेशंटच्या उशाशी नाडी आणि श्वास दाखवणारा मॉनिटर असतो ना, तो तिची कंपनी बनवायची. त्या यंत्राच्या कर्नलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अगदी गाभ्यात, नाडी-श्वास मोजणाऱ्या सेन्सर बोर्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तिच्या गळ्यात पडला होता. आधीचा माणूस तो अर्धवट टाकून दुसऱ्या नोकरीवर गेला. निरोपाचा केक मात्र पोटभर खाऊन गेला.

बोर्ड अधूनमधून रुसायचा. मग सगळं यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं आणि तोवर पडदा काळा. तेवढ्यात पेशंटचं काय होतंय, देव जाणे. तिची नणंद हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स होती. "वहिनी, तुमच्या कंपनीचं ते डबडं आज परत बंद पडलं," हे ऐकून ऐकून हिचे कान किटले होते.

फक्त बोर्ड रीसेट व्हावा, बाकी यंत्र चालू राहावं, एवढंच तिला हवं होतं. एवढंच म्हणता म्हणता वर्ष गेलं. बोर्डाकडे गेलेली सगळी कामं आधी संपू द्यायची आणि मगच रीसेट करायचा, अशी शिस्तशीर रचना तिनेच केली होती. आणि यंत्र नेमकं तिथेच गोठायचं. केस उपटायची वेळ आली तेव्हा कुठे कळलं, की न संपलेल्या कामांतलंच एक काम रीसेटची मागणी करून उभं होतं. काम रीसेटसाठी थांबलेलं आणि रीसेट त्या कामासाठी. तिने कपाळाला हात लावला. मग अडकलेल्या सगळ्या कामांना आधी 'तुमचं होत नाही, परत जा' असं सांगून वाटेला लावायचं ठरलं, आणि बोर्ड सुटला.

मॅनेजरचं टुमणं वेगळंच होतं. "मॅडम, बंद होऊन चालू होतंय ना? मग कशाला जीव आटवताय?" त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावा असं तिला रोज वाटे. बदल हॉस्पिटलांत पोचला, पडदा काळा होणं थांबलं, तेव्हा 'आमच्या टीमने करून दाखवलं' म्हणून मिरवायला हाच पुढे. तिने दातओठ खाल्ले, पण आतून ती सुखावली होती. रीसेट इतका गुपचूप व्हायचा की समोर बसलेल्यालाही पत्ता लागू नये.

एका संध्याकाळी नणंद ड्युटीवरून थेट तिच्याकडे आली आणि पर्स मांडीवर घेऊनच बसली.

"वहिनी, आज एका आजोबांची नाडी केवढी खाली गेली आणि मशीन गप्प. माझं सहज लक्ष गेलं म्हणून."

"अलार्मची मर्यादा लावली नव्हती का?"

"मीच लावली होती, सकाळी. बघते तर कंपनीने मुळात घालून दिलेले आकडे परत आलेले. आजोबा बरे आहेत आता. पण मी दिवसभर प्रत्येक बेडचे आकडे तपासत फिरले. पाय गळून गेले."

हिला लगेच उमगलं. मर्यादा बोर्डातच राहायच्या आणि रीसेट झाला की बोर्ड त्या विसरायचा. पूर्वी यंत्र पुन्हा सुरू होताना त्या मागून घ्यायचं आणि नर्स भरायची. आता मागणार कोण? काही घडलंय हेच कुणाला कळत नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून हिने वर्षभर रक्त आटवलं होतं. त्या मर्यादा परत भरणं तिच्याच ड्रायव्हरचं काम होतं. लिहायला वेळ लागला नसता, पण सगळ्या चाचण्या होऊन ते वॉर्डात पोचेपर्यंत महिने गेले असते. स्वतःचा इतका संताप आला की रडूही फुटेना. तिने तिथूनच मॅनेजरला फोन लावला.

"सर, माझा बदल काढून टाका. सगळीकडून, आजच. जुनं होतं तेच परत घाला, त्याच्या चाचण्या झालेल्याच आहेत."

"जुनं? अहो, पडदा काळा होतो म्हणून वर्षभर तुम्हीच भांडलात ना माझ्याशी?"

"हो, मीच भांडले. आता मीच सांगतेय, काढा."

फोन ठेवल्यावर तिला नणंदेकडे बघवेना.

"पडदा परत काळा व्हायला लागेल गं," ती कशीबशी म्हणाली.

"होऊ दे," नणंद म्हणाली. "निदान कधी धावायचं ते तरी कळेल."