पलटणीच्या इतिहासातली दीड ओळ

भाच्याने दादाच्या पलटणीचा छापील इतिहास पाठवलाय. सोमालियाच्या यादवीत शांतिसेनेत गेलेली तुकडी दबा धरून केलेल्या हल्ल्यात सापडली, त्या दिवसाला दीड ओळ. पानांना ताज्या शाईचा वास आहे. तेव्हा बहारीनला, मनामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या पेपरला हाच वास होता. भारतीय जवान ठार, नावं नाहीत.

नऊला फोन वाजू लागला. मी काय करावं? सोफ्यावरच्या दोन उशा फोनवर दाबल्या आणि वर स्वतः बसले, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी! बी.ए. पास बाई हो मी! फोन थांबायचा, पुन्हा वाजायचा.

एक वाजता हे जेवायला आले. “अगं, उचल की!”

“नाही. उचलत नाही तोवर दादा आहे.”

यांनी मला उठवून फोन हातात दिला. साताऱ्याहून वहिनी होती.

“वन्सं, सकाळीच तार आली. आईंना अजून सांगितलं नाही. त्या भाजी निवडतायत. मी एकटीने कसं सांगू?”

चार तास मी उशांवर बसून दादाला जिवंत ठेवत होते, आणि वहिनी टेलिफोन बूथवर, मागच्या रांगेची बोलणी खात, एकटी उभी होती.