मोकळ्या चार तारा

सबनीस गेल्याचा फोन त्यांच्या ऑफिसमधून आला. घरचा फोन कुणी उचलेना म्हणून शेजारीण म्हणून मला केलेला, आणि बोलणाऱ्याला त्यांचं नावही धड उच्चारता येत नव्हतं. अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या त्या रखरखीत दुपारी पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार उघडता उघडता ते कोसळले होते. मी धावत गेले तेव्हा त्यांची बायको शैला मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिला ते सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं, आणि त्याबद्दल मी देवाला अजून माफ केलेलं नाही.

सबनीस कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. व्हायोलिन पुण्यात शिकलेले, मांडी घालून वाजवायचं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी नाट्यगीतं म्हणायची आणि ते साथीला असायचे. माझा वरचा सूर डळमळला की ते हळूच आपला सूर मोठा करत, आणि टाळ्या मी घेत असे. मग एका हिवाळ्यात लायब्ररीतून त्यांनी एक रेकॉर्ड आणली, आणि हा माणूस आमच्या हातून गेला.

रेकॉर्ड होती तीनशे वर्षांपूर्वीच्या एका व्हायोलिनवादकाच्या रचनांची. युरोपातल्या बोहेमियाचा हा माणूस एका बड्या धर्मगुरूच्या पदरी नोकरीला होता. मालकाने त्याला वाद्यं आणायला पाठवलं, तर हा परत फिरकलाच नाही. दुसऱ्याच दरबारात जाऊन बसला. "कुमुदताई, मलाही कंपनीने इकडे ट्रेनिंगलाच पाठवलं होतं," सबनीस हसून म्हणत. पुढे त्याला मानमरातब मिळाला, पण मुलं बरीचशी लहानपणीच गेली. त्याने येशूच्या आणि त्याच्या आईच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर रचना केल्या, आणि जवळजवळ प्रत्येक रचनेसाठी व्हायोलिनच्या तारा वेगळ्या सुरांत लावायच्या. त्याच्या कागदावर बोटं कुठे ठेवायची तेवढंच कळतं. तारा तशा लावल्या नाहीत तर नुसता गोंगाट. त्या कागदांचं बाड दोनेकशे वर्षं तसंच पडून होतं.

सबनीसांनी त्याच्यासाठी मेंढीच्या आतड्याच्या तारा मागवल्या, जुन्या काळी असत तशा. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत त्या पटापट तुटायच्या, लाकडाला तडा जाईल ही भीती वेगळीच. म्हणून ते व्हायोलिनच्या पेटीत ओला स्पंज ठेवत आणि दर रविवारी तो पुन्हा भिजवत. गणपतीत त्यांनी त्यातली एक रचना वाजवली. संपल्यावर आमचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "सबनीस, आता व्हायोलिन लावून झालं असेल तर सुरू करा." हॉल हसला, सबनीसही हसले. मी मात्र अध्यक्षांशी दिवाळीपर्यंत बोलले नाही.

शेवटच्या वर्षात ते स्वतःची एक रचना बांधत होते. त्यासाठी तारा त्यांनी स्वतः शोधलेल्या सुरांत लावल्या होत्या, कशा ते कुणाला ठाऊक नाही. सुरुवात नुसत्या मोकळ्या चार तारांनी व्हायची, एकेक सावकाश... बोट न लावता. पुढचं कुंपणापलीकडून अर्धवट कानावर आलं ते मला आता आठवत नाही. ते चार सूर ऐकले की मात्र हातातलं काम तसंच राहायचं. "कॅसेट तरी करून ठेवा," मी म्हटलं होतं. "शेवट सापडला की. आणि लिहिणार नाही हं. थँक्सगिव्हिंगला मीनल येतेय, तिला समोर बसवून शिकवणार."

मीनल त्यांची एकुलती एक. बॉस्टनला शिकते, कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. दर सुट्टीत बाबा विचारायचे आणि ती म्हणायची, "नेक्स्ट टाइम, बाबा, प्रॉमिस." आली ती बाबांना पोचवायला.

त्या सगळ्या दिवसांत शैला जेवायची विसरली, पण स्पंज भिजवायची विसरली नाही. बाराव्याला जेवणं उरकली, माणसं पांगली. मीनल म्हणाली, बाबांसाठी काहीतरी वाजवते. तिने पेटी उघडली, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि कुठलाही वादक आधी जे करतो तेच केलं. खुंट्या पिळून तारा लावल्या. शाळेत शिकवल्या तशा, नेहमीच्या सुरांत. सगळं इतकं सवयीने झालं की शैलाच्या आणि माझ्या लक्षात येईपर्यंत चौथी तारही लागली होती.

गज तारेवर टेकवून ती थांबली. मग आमच्याकडे बघितलं.

"मावशी, ही वॉज वर्किंग ऑन समथिंग, राइट? आधी होतं ते त्याचं ट्यूनिंग होतं का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आधी काय होतं ते मी ऐकलंच नाही. आय जस्ट ट्यून्ड इट."

शैला तिला जवळ घेऊन बसली. पुढचे दोन दिवस मीनल खुंट्या मागेपुढे करत माझ्यासमोर बसली. "असं होतं? का असं?" मी इतकी वर्षं गाते, स्वतःला कानाची पक्की समजते. प्रत्येक वेळी मला वाटायचं हेच ते, आणि पुढच्या क्षणी वाटायचं, नाही. ते चार सूर ज्याला माहीत होते तो माणूस गेला आणि ज्या वाद्याला माहीत होते तेही विसरलं. त्या बोहेमियातल्या माणसाच्या बाडाला निदान कुणीतरी वाचणारं भेटलं. इथे वाचायला काही उरलेलंच नाही, आणि मला कुणी खोटी समजूत घालू नये.

मीनल व्हायोलिन इथेच ठेवून बॉस्टनला परत गेली. परवा रविवारी मी शैलाकडे गेले तर ती सिंकपाशी उभी राहून स्पंज पिळत होती. पाणी जास्त राहू द्यायचं नाही, लाकूड फुगतं, असं तिने मला समजावून सांगितलं. मग पेटी उघडली, तारांना हात लागणार नाही अशा बेताने स्पंज कोपऱ्यात ठेवला आणि झाकण लावलं.