इब्राहिम मास्तर आणि तीन गुण

इब्राहिम मास्तर गेल्याचं कार्ड मला अकराव्या दिवशी मिळालं. नांदुऱ्याहून त्यांच्या जावयानं लिहिलं होतं, चारच ओळी. माती देऊन झाली होती, म्हणजे जाऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कार्ड मी दोनदा वाचलं आणि हातात होतं ते हजेरीपटाचं काम पुरं केलं. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. याला आता पाच आठवडे झाले. या दिवसांत त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे बरेच भेटले. मी गप्प राहिलो. मला जे सांगायचं आहे त्यात त्यांचा चांगुलपणा आहे तसा माझा दोषही आहे...

आम्ही दोघं चौदा वर्षं एका नार्मल शाळेत होतो. मास्तरांना मास्तरकी शिकवणारी ही शाळा. गावोगावचे शिकाऊ मास्तर तिथे वर्षभर राहत आणि शेजारच्या सरावशाळेत खऱ्या पोरांपुढे पाठ घेऊन दाखवत. मी गणित शिकवी, इब्राहिम मास्तर शिकवण्याची रीत. एकानं पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागे बसून त्यावर टीका लिहायची, हा जुना रिवाज. टीका म्हणजे काय, तर आवाज बारीक, फळ्यावरचं अक्षर तिरपं, पाठ वेळेत संपला. मास्तर असे कागद परत देत. "फळा नका पाहू बे, पोराईकडे पाहा. कोनतं पोरगं चुकलं, काय बोललं, ते त्याच्याच शब्दात लिहा. आन मंग काऊन चुकलं ते शोधून आना." शोधून आणा म्हणजे खरोखरच. शिकाऊ मास्तर त्या पोराच्या घरी जात, तेच निराळ्या तऱ्हेनं विचारत आणि चार दिवसांनी वर्गापुढे सांगत. जानेफळचा एक जण कुरकुरला, "मास्तर, हे तं पोलीस पाटलाचं काम होय." मास्तर म्हणाले, "हाव. फकस्त इथला चोर पोरगा नसते, मास्तर असते." वर्ग हसला, पण जानेफळकर दुसऱ्या दिवशी चौकशीला गेला.

परीक्षेचं मात्र वेगळं होतं. प्रत्यक्ष पाठाला शंभर गुण, पन्नासाला पास. गुणपत्रकात दहा रकाने, प्रत्येकाला दहा गुण. टाचण, आवाज, फळा, शिस्त असे, आणि त्यात एक 'पाठ पूर्ण'. चुकलेल्या पोराचं पुढे काय केलं, याला रकाना नव्हता. म्हणून शहाणे शिकाऊ आधीच पहिल्या बाकावरची हुशार पोरं हेरून ठेवत आणि त्यांनाच विचारत. मास्तरांना हे ठाऊक होतं. तरी ते आपलं सांगत राहिले, आणि सखारामनं ते मनावर घेतलं.

सखाराम धाड गावचा. तिकडच्याच शाळेत तो कच्चा मास्तर होता. पास झाला तर नोकरी कायम, नाही तर नाव कमी. एकदा तो नापास झाला होता आणि ही त्याची शेवटची खेप होती. परीक्षक मी. पाठ वजाबाकीचा, बेचाळिसातून सतरा. पहिल्या बाकावरचे हात वर झाले. सखारामनं मागच्या एका मुलीला उठवलं. ती म्हणाली, "पस्तीस."

"कसं काढलं, बाई?"

"सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन."

त्यानं खडू ठेवला. तुराटीच्या काड्यांच्या दहादहाच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. तिच्यापुढे चार जुड्या आणि दोन सुट्या मांडून तो म्हणाला, "आता यातल्या मले सतरा दे." तिनं एक जुडी दिली, दोन सुट्या दिल्या आणि थांबली... फार वेळ थांबली. वर्गात गलका सुरू झाला. मी घड्याळ पाहिलं. सखाराम तिच्या हातांकडे पाहत राहिला. शेवटी तिनं स्वतःच दुसरी जुडी सोडली, त्यातल्या पाच मोजून दिल्या आणि उरलेलं मोजलं. "पंचवीस." तेवढ्यात घंटा झाली.

टाचणात पुढे सहा उदाहरणं होती, त्यातलं एकही झालं नव्हतं. 'पाठ पूर्ण'ला मी शून्य दिलं, फळ्याला दोन, शिस्तीला तीन. बेरीज तीनदा केली. सत्तेचाळीस.

संध्याकाळी मास्तर घरी आले. आत या म्हटलं तरी ओट्यावरच उभे राहिले.

"किती, वामनराव?"

"सत्तेचाळीस."

"त्या पोरीचं पंचवीस तीन गुणाचं बी नाही का?"

"त्याले रकाना नाही, मास्तर. कुठी लिहू?"

"शिस्तीत लिहा, फळ्यात लिहा. जागा लय आहे."

"ते खोटं होईन."

"खरं आहे तुमचं," ते म्हणाले. "म्या त्याले खरं शिकवलं आन त्याची रोटी गेली. तेच पाहून राह्यलो." आणि निघून गेले.

गुणपत्रक नागपूरला गेलं, सखारामचं नाव कमी झालं. त्या गुणपत्रकाच्या तळाशी शेऱ्यासाठी तीन ओळी कोऱ्या होत्या. मी तिथे 'पाठ अपूर्ण' एवढंच लिहिलं होतं. त्या मुलीनं जुडी सोडली, हे तिथे लिहिता आलं असतं. ते खोटं झालं नसतं. वाचून कोणी काही केलं असतं की नाही, देव जाणे. पण लिहिता आलं असतं, हे मला कळायला नऊ वर्षं लागली.

पुढच्या साली मास्तर नव्या शिकाऊंना म्हणाले, "हुशार पोरं हेरून ठेवा. त्याईलेच विचारा." त्या साली सगळे पास झाले. मास्तरांनी मात्र नंतर कोणाच्या टीकेचा कागद परत दिल्याचं मला आठवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नांदुऱ्याला त्यांना भेटलो. खाटेला खिळले होते. त्या तीन ओळींचं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सखाराम काय करते आता?" मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

कार्ड आल्यावर धाडच्या बाजारात गेलो. सखाराम मिरच्या विकत होता. मास्तर गेल्याचं त्याला माझ्याआधी कळलं होतं. "दर साली येत होते," तो म्हणाला. म्हणजे खाटेवरून मला विचारताना मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. "माफी मांगत. म्या म्हनो, काऊन मांगता? तुमी काय केलं?" मग तराजू खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुमी आज आले, गुरुजी." मी माफी मागायला गेलो होतो. त्या वाक्यानंतर मागता आली नाही. त्यानं मला चहा पाजला.

मास्तरांचा विषय आता माझ्याकडे आहे. परवा सरावशाळेत ते बसत तिथे, खिडकीजवळच्या मागच्या बाकावर बसलो होतो. एक शिकाऊ पाठ घेत होता. चार हात वर, चारही उत्तरं बरोबर. मी म्हटलं, "त्या कोपऱ्यातल्याले विचार." त्यानं अदबीनं मान हलवली. "त्याले येत नाही, गुरुजी," म्हणाला आणि फळ्याकडे वळला. पाठ वेळेत पुरा झाला. वर्गात एकही चूक झाली नाही.