कुसळं काढून आत ये

आक्का गेली त्या दुपारी मी तिच्यावर चिडलेलेच होते. सोप्यातल्या झोपाळ्यावर ती डोळे मिटून बसली होती, पायांत लोकरीचे मोजे, एकावर एक दोन. बाहेर दसऱ्यानंतरचं रणरणतं ऊन, पलीकडच्या खोलीत आमचे माग खडखडत होते, आणि या बाईसाहेब अंटार्क्टिकाच्या समुद्राचा सराव करत होत्या. जहाज हलतं, पोटात ढवळतं, म्हणून रोज दुपारी डोळे मिटून झोके घ्यायचे आणि त्या वेळात घरातल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही, असा नियम. मी चहाचा कप शेजारी ठेवून गेले. थोड्या वेळाने परत आले तर कप तसाच, वर साय धरलेली. आता चहासुद्धा नको झालाय, असं पुटपुटत मी कप उचलून नेला. झोपाळा हलत नाही, हे काही माझ्या लक्षात आलं नाही... ते आमच्या यांच्या लक्षात आलं, माग बंद करून हात पुसत बाहेर आले तेव्हा. सरावसुद्धा इतका नेटाने करायचा की माणूस गेलं तरी घरच्यांना कळू नये. अजून मला तिचा त्याबद्दल राग येतो.

विजयाआक्का माझी मोठी नणंद. लग्न झाल्यावर वर्षभरातच नवरा गेला, आणि ती वडगावला माहेरी परत आली. माझ्या सासऱ्यांनी तिला शिकवलं हे त्यांचे उपकार. पुढे निपाणीच्या एका हायस्कूलमध्ये ती विज्ञानाची बाई झाली, तिथेच खोली घेऊन राहिली, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा आमच्यात आली. शाळेत ती वर्षानुवर्षं एक धडा शिकवायची, प्राणी आपल्या हवामानाशी कसे जुळवून घेतात त्याचा. त्यात एका पानावर उंट आणि समोरच्या पानावर पेंग्विन. उंट ती दरवर्षी बघायची, कारण तो जत्रेत येऊन पोरांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारायचा. पेंग्विन काही निपाणीला येत नव्हता. न बघितलेली गोष्ट आपण इतकी वर्षं छातीठोकपणे शिकवली, याचं तिला म्हणे वाईट वाटायचं. मी म्हटलं, सूर्यमालाही शिकवलीत की, मग तिकडेही जाऊन या. ती हसली नाही. पुढच्याच महिन्यात तिने पुण्याच्या एका प्रवास कंपनीकडे नाव नोंदवलं आणि वर्षभर आमच्या घराची झोप उडवली.

काय काय केलं नाही तिने. थंडीची सवय हवी म्हणून बटाट्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये जाऊन पोत्यांच्या मधे उभी राहायची. मालक तिचा जुना विद्यार्थी, त्याची बाईंना नाही म्हणायची हिंमत नव्हती. घरी यायची ती नाक लाल करून, आणि काढा करायचा मी. जहाजातून छोट्या रबरी बोटीत उतरताना एकमेकांचं मनगट धरायचं असतं, पंजा नव्हे. त्यासाठी आमच्या यांना मागावरून उठवून अंगणात उभं करायची आणि स्वतः जोत्यावरून खाली उतरायची, चढायची, परत उतरायची. ताणा तुटला तरी तिला फिकीर नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं असतं. मग तिने मागावरून नुकतीच उतरलेली साडी अंगणात पसरली, तिचा पदर थोडा दुमडला आणि जाहीर केलं, एवढं अंतर. तेव्हापासून कोंबड्या समोर आल्या की मला जागच्या जागी थांबवायची. आपण होऊन त्यांच्याजवळ जायचं नाही, आणि ते आपल्याजवळ आले तर हलायचं नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. कोंबड्यांना दाणे टाकायचे तरी कसे, ते तिने सांगितलं नाही.

पण सगळ्यात मोठा जाच होता बियांचा. तिकडे बाहेरचं बी, माती, गवताची काडी, काहीही गेलेलं चालत नाही. म्हणे तिथे नको ते उगवलं तर तिथल्या प्राण्यांचा घात होतो, म्हणून बोटीत उतरायच्या आधी खिसे, शिवणी, बुटांचे तळवे तपासतात. झालं. आक्काने ते मोठं लाल जाकीट आणल्या दिवसापासून घराला सोवळं आलं. माझं माहेर खानापूरकडचं, गुंजीचं. भातशेती आहे, मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते आणि येताना साडीच्या काठाला कुसळं घेऊनच येते. गुंजीहून आलेल्या बाईच्या काठाला कुसळं नसतील तर ती गेली होती कुठे असं विचारावं. पण मी दारात पाय ठेवला की आतून आवाज यायचा, "सुनंदा, कुसळं काढून आत ये." हातात पिशव्या, डोक्यावर ऊन, आणि मी माझ्याच घराच्या पायरीवर बसून एकेक कुसळ उपटतेय. मध्येच विचारायची, "झालं का गं?" मी झालं म्हटलं की स्वतः येऊन काठ उलटून बघायची. एखादं तरी सापडायचंच.

आणि मग मी ओटीचा घोळ घातला. ती निघणार त्या वेळी मी सुगीला गुंजीला असणार होते, म्हणून म्हटलं आधीच उरकून घेऊ. आमच्या घरातून लांबच्या प्रवासाला निघालेली बाई रिकाम्या ओटीने उंबरा ओलांडत नाही. फक्त आक्का ओलांडायची. निपाणीला नोकरीवर निघाली तेव्हाही तिची ओटी कुणी भरली नव्हती. घरात कुणाची भरायची असली की ती काहीतरी काम काढून माडीवर जायची. ते मला लग्न होऊन आल्यापासून सलत होतं. त्या दिवशी तिने सरावासाठी जाकीट आणि ती फुगीर पँट चढवली होती, तशीच तिला पाटावर उभी केली आणि कुंकवाचा करंडा उघडला.

"मला चालत न्हाय गं हे," ती म्हणाली.

"कुणाला चालत न्हाय? पेंग्विनला?" मी म्हटलं. "पदर न्हाय तर न्हाय. जाकीट पसरा पुढं."

तिने पसरलं. मी कुंकू लावलं. खण, नारळ, सुपारी, हळकुंड आणि गुंजीचे तांदूळ घातले, पाच वेळा ओंजळीने. पेंग्विन जवळ आला तर कसं उभं राहायचं ते ती आम्हाला शिकवायची ना, अगदी तशी ती उभी होती. हललीसुद्धा नाही. मग हळूच खाली बघितलं. तांदूळ खिशांत गेले होते, चेनमध्ये अडकले होते, चर्रकन उघडणाऱ्या पट्टीत रुतले होते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी जे ऐकून घेतलं ते देवाने कुणाला ऐकवू नये. कांडलेल्या तांदळाला कुठला कोंब फुटतोय, असं मी म्हटलं, तर मला विज्ञान शिकवू नको म्हणाली, नियम म्हणजे नियम. चष्मा लावून, सुईने, एकेक दाणा काढला. सगळे खणात बांधून गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "आल्यावर ह्याचा भात टाक. मी जेवते."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती झोपाळ्यावर गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला अंघोळ घालून नवं पातळ नेसवलं, आणि मी आत जाऊन ती गाठ आणली. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "त्यांची ओटी भरत न्हाईत, सुनंदा." मी म्हटलं, "प्रवासाला निघाल्यात त्या," आणि गाठ तिच्या ओटीत ठेवली. आक्का मात्र पहिल्यांदाच मला ओरडली नाही, आणि तेच मला सोसलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर प्रवास कंपनीतून एका मुलीचा फोन आला. मॅडमच्या बुटांचा नंबर राहिलाय म्हणाली. मी म्हटलं, पाच, पण आत दोन मोजे घालतात, तेव्हा सहाच लिहा. तिने लिहून घेतलं. मग मला आठवलं... आणि सांगावं लागलं.

जाकीट माडीवर खुंटीला आहे. सुगीला गुंजीला निघायच्या आदल्या दुपारी मी ते खाली काढून मांडीवर घेतलं. सगळे खिसे उलटे केले, चेन उघडल्या, पट्टीत नखं घालून बघितलं, शिवणीवरून बोट फिरवलं. एखादा दाणा राहिला असेल, माझ्या ओंजळीतला. नव्हता. एवढी कसली ती स्वच्छता. एक तरी ठेवायचा की.

सुगी संपवून काल गुंजीहून परत आले. दारात आले आणि पिशव्या ठेवून सवयीने पायरीवर बसले. काठाची कुसळं काढली, मग निऱ्यांची, मग काठ उलटून पुन्हा बघितला. एकही राहिलं नव्हतं. आत माग चालू होते. आमच्या यांनी येऊन विचारलं, बाहेर का बसलीस. मी म्हटलं, आले. आणि परत काठ उलटून बघायला लागले.